अंगठा

वेल्समधल्या त्या दरीत
खाण बंद पडली, खाणकामगारांची लायब्ररी उरली.
तीही फक्त मंगळवारी उघडते.

चिप्सच्या दुकानातून सुटून नेरिस येते,
केसांत तळणाचा वास,
आणि दीडशे वर्षांपूर्वीची ती जाडजूड कादंबरी
जिथं सोडली तिथून धरते.

आज पान तीनशे अकरा.
नायिका पत्र जाळत नाही,
एवढंच घडतं.
बाजूला समासात कोळशाचा अंगठा,
रेघ न् रेघ शाबूत.
वाचता येणाऱ्या माणसाचा अंगठा.

पाळी संपवून, हात धुवायचंही विसरून
कुणीतरी इथं थांबला होता.
ती जाळते की काय म्हणून.

नेरिस पुन्हा तेच वाक्य वाचते.
मग आपला तेलकट अंगठा
त्याच्या शेजारी दाबते,
साक्षीदारानं
खताखाली उठवावा तसा.