तीनशे येनच्या टोपलीतून

पहिला भाग काचेच्या कपाटात असतो, किल्ली माझ्या खिशात.
नऊ हजार येन, खोक्याचे चारही कोपरे शाबूत.
मुरोरानला उतरणारे प्रवासी त्याचा फोटो काढतात,
विकत क्वचितच घेतात.
दुसरा तिथे, दाराशी, छत्र्यांच्या शेजारच्या टोपलीत,
खोक्याशिवाय,
पाठीवर बॉलपेनने काढलेला मासा.

तू विचारलंस म्हणून सांगतो, कुवाबारांच्या नातवा,
नाहीतर या विषयावर मी आता हुज्जत घालत नाही.

'सात बुरूज'ने आमच्या अख्ख्या वर्गाचे अंगठे सोलवटले होते.
सात बुरूज, सात राक्षस, आणि चौथ्यापाशी तो पूल:
मागून फौज येते, तू दोर कापतोस,
पूल नदीत कोसळतो, तुतारी वाजते,
पाचशे गुण.
मी तो पूल शंभरदा तरी पाडला असेन.
पलीकडे कोण राहतं, हे एकदाही मनात आलं नाही.
खेळही विचारत नव्हता.

दुसरा भाग आला तो नेमका नव्या यंत्राच्या आठवड्यात.
रांगा तिकडे.
मासिकाने अर्धं पान दिलं, दहापैकी पाच,
वर मथळा: 'तलवार कुठे आहे?'
खरंच होतं ते. तलवार नाहीच त्यात.
तू जागा होतोस नदीकाठी, म्हातारा, एक गुडघा दुखरा,
हातात वल्हं.
समोर पूल. पडलेला.
तोच रे, तूच पाडलेला,
दोराची कापलेली टोकं अजून लोंबतायत.

आणि काठावर माणसं खोळंबलेली.
एक सुईण, घाईत.
एक पोरगा, त्याची शाळा पलीकडे राहिली.
मिठाची पोती घेऊन एक बाई, जिचं घर पुलाखाली होतं.
ती तुझ्याशी बोलत नाही.
शेवटपर्यंत बोलत नाही, असं मासिकात लिहिलं होतं.

मी तासभर खेळलो. होडी नेली, आणली, परत नेली.
तुतारी काही वाजेना.
वैतागून कंट्रोलर फेकला, तो फुमिएने उचलला.
फुमिए माझी धाकटी. माझा कोट तिला, माझी सायकल तिला,
माझ्या खाडाखोडीने भरलेली गणिताची पुस्तकं तिला.
उरलंसुरलं तिला आवडतंच, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या हिवाळ्यात बाबांचं काम सुटलं.
दिवसभर कोतात्सूत पाय घालून टीव्हीकडे बघत बसायचे,
आणि टीव्हीवर फुमिए माणसं पोचवत असायची.
एकदा म्हणाले, "प्रवाह डावीकडे ओढतोय. आधीच वळव."
त्या महिन्यातलं त्यांचं एवढंच बोलणं मला आठवतं.

आता ती कुशिरोला परिचारिका आहे, बहुतेक रात्रपाळीच.
गेल्या वर्षी माळा आवरताना हे सापडलं.
आतली बॅटरी इतकी वर्षं कशी तगली, देव जाणे.
तिची नोंद: दोनशे बारा तास.
नदीवर पूल उभा होता,
लाकडी, वाकडा, एकेक फळी होडीतून आणलेली,
आणि मधोमध मीठवाली बाई, कठड्याला टेकून.
मी जवळ गेलो. बटण दाबलं.
ती म्हणाली,
"आज वारा नाही."

एवढंच.
दुकान उघडायची वेळ टळून गेली तरी मी तिथेच उभा होतो,
त्या दोघींच्या पुलावर.

पहिला भाग वाईट नाही, गैरसमज नको.
त्याने मला जिंकायला शिकवलं, ते काही फुकट गेलं नाही.
पण जिंकून घरी गेलेल्या माणसाला
परत त्याच नदीवर बोलावणारा खेळ
मी दुसरा पाहिला नाही.

फुमिएला फोन केला, म्हटलं, काचेत ठेवू का तुझा?
मागे कुणाचा तरी मॉनिटर टिकटिकत होता.
म्हणाली, "काचेत ठेवलास तर खेळणार कोण?"

तर घेऊन जा. पैसे राहू देत.
नोंदीच्या जागा दोनच आहेत.
खालची तिची, तिला हात लावू नकोस.
वरची माझी, एक तासाची.
ती पूस, आणि बस होडीत.
प्रवाह डावीकडे ओढतो.