कूस

शरणपूर रोडला, मेडिकलच्या वरच्या खोलीत
रात्री साडेआठला माझा वर्ग भरतो.
नऊ नर्सेस. तिघी ड्यूटीवरून तशाच आलेल्या,
हातांना अजून स्पिरिटचा वास.

यांना कविता नको, इतिहास नको,
स्टेशनचा रस्ता विचारणारा तो पहिला धडासुद्धा नको.
यांना हवं : जीभ दाखवा. मूठ वळा.
लघवीला जळजळ होते का?
चादर बदलताना म्हणायची चार वाक्यं.
जर्मन शिकवण्यात एकवीस वर्षं गेली माझी,
आणि बेडपॅनला काय म्हणतात
ते यांच्यासाठी शोधावं लागलं.

दुखण्याचा धडा तीन आठवडे चालला.
पुस्तकात शब्द पाच.
पाच फळ्यावर लिहिले, आणि मागून सुरू झालं :
यातला ठणका कुठला, सर? ठसठस?
कळ येते ती? चमक भरते ती?
नुसतंच जड जड वाटतं, त्याला?
हर्षला गांगुर्डे म्हणाली,
तिकडची माणसं कमी दुखतात वाटतं.

ज्योत्स्ना चौरे सुरगाण्याची.
घरी कोकणा, शाळेत मराठी, नर्सिंगला इंग्रजी,
ही चौथी.
चौथ्या घरात शिरणारा माणूस
चपला जरा जास्तच नीट काढून ठेवतो,
तसं तिचं व्याकरण.
तिनं विचारलं, म्हाताऱ्या पेशंटला हाक काय मारायची?
श्रीयुत, आणि पुढे आडनाव, मी म्हणालो.
नुसतं आडनाव?
मग पाठीखाली हात कसा घालायचा, सर?

अभ्यासक्रमात याचं उत्तर नव्हतं.
मी म्हणालो, पुढचं पान उघडा.

तोंडी परीक्षेला पेशंट मीच.
दोन बाकं जोडून, घरून आणलेल्या उशीवर.
खाली कुणीतरी शटर ओढत होतं.
तिनं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली,
आता मी तुम्हाला डाव्या कुशीवर वळवणार आहे, म्हणाली,
क्रियापद शेवटी, आपल्यासारखंच.
माझी कंबर त्या दिवशी खरंच धरली होती.
ते तिच्या तळहाताला कळलं असावं,
कारण वळवता वळवता
तोंडून निघून गेलं :
हळू, बाबा.

आपली भाषा मध्ये आली की अर्धा गुण कापायचा,
असा नियम आहे. कापला.

मार्चमध्ये गेली ती. त्या गावाचं नाव
मलाही एका दमात म्हणता येत नाही.
तो अर्धा गुण
अजून माझ्याकडेच आहे.