दरज

वार्दगेस आधी भिंतीवर पाणी मारतो
आणि बाकावर बसून राहतो.
दगड वाळतो. भेग वाळत नाही.
थोडा वेळ ती एकटीच ओली असते,
काळी, केसाएवढी,
वेदीच्या उजव्या कोपऱ्यातून निघालेली.
"बघ," तो म्हणतो, "कुठून गेलीये बघ."

दगडातून नाही.
आर्तिकच्या गुलाबी दगडाला वळसा घालत,
दरजेदरजेने, पायरी पायरी करत
खाली उतरली आहे,
गुडघे दुखणारी बाई कठड्याला धरून उतरते तशी.

जुन्या गवंड्यांनी इथे चुना भरला होता,
दगडापेक्षा मऊ. मुद्दाम.
जमीन हलली की चुना पडतं घ्यायचा,
भुसभुशीत होऊन गळायचा,
दगड अख्खा राहायचा.
मग कुणीतरी शिडी लावून पुन्हा चुना भरायचं.
आठशे वर्षं एवढाच व्यवहार.

उत्तरेच्या भिंतीत माझ्या काकाच्या टोळीने सिमेंट भरलं,
बहात्तर साली. गच्च.
खिळा वाकेल पण आत जाणार नाही, काका सांगायचा,
जेवताना, पाहुण्यांना, कुणालाही.
अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात
तिथली एकही दरज उघडली नाही.
दगड फुटले, मधोमध.
त्या भिंतीवर वार्दगेस पाणी मारत नाही.

गेल्या शरदात आम्ही भेगेवर आडव्या काचपट्ट्या बसवल्या,
दोन्ही टोकांना प्लॅस्टरची टिकली, खाली पेन्सिलीने तारीख.
भेग हलली तर काच तुटेल.
मग बर्फ.
एप्रिलात फावड्याने दार मोकळं केलं,
तर सातही काचा धडधाकट.
तेर श्नोर्क यांनी छातीवर क्रूस केला, कॉफी मागवली.
वार्दगेसने फक्त अंगठ्याचं नख
प्लॅस्टरच्या कडेखाली घातलं,
आणि टिकली हातात आली.

काच तुटली नव्हती
कारण तिला कुणी धरलंच नव्हतं.
भेग तिथवर आली असेल, थांबली असेल,
काच आणि दगड दोन्ही चाचपून पाहिले असतील,
आणि जिथे ते एकमेकांना चिकटले होते
नेमकी तिथूनच निघून गेली,
आवाज न करता.

गुर्गेन क्रास्नोदारहून दर रविवारी फोन करतो.
सगळं ठीक, म्हणतो.
सगळं ठीक, मीही म्हणते.
लाइन स्वच्छ असते. हल्ली खरखरसुद्धा नाही.

या खेपेला दगड आधी खरवडून घेतला,
भोकाभोकांतली धूळ फुंकली,
तोंडात माती गेली.
ओलं केलं, मग प्लॅस्टर, मग काच.
"फार घट्ट नको ना?" मी विचारलं.
"काचेला घट्टच," वार्दगेस म्हणाला,
"तिला तुटायचंय. चुन्याचं वेगळं."
आणि थापी पुसायला फडकं शोधू लागला,
जे त्याच्याच खांद्यावर होतं.

मी पेन्सिलीने तारीख घातली.
शनिवार होता.