अंदाजानं

घरात पाच माणसं आणि कोरडा रुमाल एकच.
पौषातली थंडी कृष्णेवरून उठते,
माई घाटाच्या पायऱ्या चढते,
आणि आमच्या खिडकीपाशी येऊन थांबते,
जिथं फुटक्या काचेवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर चिकटवलंय.

अलकाला ताप नाही, पण आवाज बसलाय.
ती हातानं सांगते: पातेलं. ते नव्हे. ते मोठं.
अण्णा खोकले की मांडणीवरच्या वाट्या किणकिणतात.
मयूर सगळ्यांच्या शिंका वहीत लिहून ठेवतो,
नावासमोर उभ्या रेघा, पाचवी आडवी.
फक्त धाकटी गार्गी ठणठणीत,
अंथरुणा-अंथरुणांमधून हिंडते
पाहणीला आलेल्या साहेबासारखी.

मी मार्केट यार्डात हळदीचे नमुने हुंगतो.
एकोणीस वर्षं.
डोळे मिटून सांगतो, ही राजापुरी,
ही परमुलखातली, हिला पेवात ओल लागलीय.
परवापासून नाक म्हणजे
चेहऱ्यावरचं नुसतं सामान.

आक्काला फोन लावला, आटपाडीला.
"हुलगं हायत का घरात?"
आहेत.
"भाज मग. खमंग वास सुटला की उतरव."
वासच येत नाही गं.
पलीकडं शांतता. मग हसू. मग,
"मग आवाज ऐक. तडतड थांबली की झालं."
पीठ किती घेऊ?
"अंदाजानं."
गूळ?
"तोंडाला यील एवढा."
सुंठ?
"आरं, सोनं तोलतुयास का काय?"

पहिला घाणा करपला.
मला कळलं नाही, अलकानं टाळ्या वाजवल्या तेव्हा धूर दिसला.
दुसऱ्याचं माडगं झालं,
गुठळ्यांसकट,
आणि अण्णा दोन वाट्या प्याले, काही न बोलता,
म्हणजे आमच्याकडं ते कौतुकच.

ओवा तव्यावर गरम करून मयूरच्या जुन्या मोज्यात बांधला.
तो म्हणाला, धुतलेला आहे ना?
गवती चहा कुंडीत होता, कापताना बोट कापलं.

दुपारी जैबुनचाची डबा देऊन गेल्या.
अळणी पाणी, वर तुपाचे गोल डोळे.
"पोरांला पाजा," एवढंच म्हणाल्या,
त्यांचंही नाक लाल.
अण्णांच्या गळ्यात माळ.
त्यांनी डबा स्वतःपासून लांब सरकवला,
मयूरच्या पुढ्यात,
आणि त्यानं तळ गाठेपर्यंत तिथंच बसून राहिले.

रात्री दूध तापलं
आणि हळदीचा डबा रिकामा निघाला.
हसू नका.
दिवसाला चारशे पोती माझ्या हाताखालून जातात,
आणि घरच्या डब्यात चमचा तळाला किर्र वाजला.
अलका आवाज नसतानाही पुष्कळ बोलली.

मग दाराआडचा यार्डातला शर्ट आठवला.
खिशात तोलाईची चिठ्ठी, अर्धी सुपारी
आणि बोटाएवढं एक हळकुंड,
कुणाच्या शिवारातलं कोण जाणे.
सहाणेवर उगाळलं,
दुधात सोडलं, दोन मिरी ठेचून टाकली.

गार्गीनं कप नाकाशी नेला.
"दुधाला बाबांचा वास येतोय."

मी मनगट हुंगून पाहिलं. काहीच नाही.
एकोणीस वर्षं घरात शिरण्याआधी
नळावर बसून कोपरापर्यंत हात घासतो मी,
आधी साबण, मग दगड.
मला वाटत होतं, तो जातो.

सकाळी सौद्याला उभा राहिलो.
नाक चोंदलेलंच.
हळकुंड कानाशी धरून मोडलं. टण्ण.
भूपाल अडत्या म्हणाला, आता हळद ऐकायला लागलात काय?
म्हटलं, अंदाजानं.

तेवढ्यात मोबाईल थरथरला.
मयूरचा मेसेज होता,
"गार्गी – १"