सत्तावीस

ग्दिनिया बंदरावर सकाळी साडेनऊला
ट्रॉलीबसमधून मुलं उतरली: सत्तावीस.
वारा असा, की टोप्या हातांनी दाबून धरलेल्या.
हाल्श्काबाईंनी दोनदा मोजली,
एकदा डोकी,
एकदा बूट, भागिले दोन.

पोलिश भाषेत बाईंना म्हणतात पानी.
पानी हाल्श्का, पानी हाल्श्का,
दिवसभर चहूकडून हाका
आणि मदतीला आलेल्या मला, कुणाच्यातरी आईला,
उगाच तहान लागत राहिली.

वरच्या मजल्यावर विज्ञान.
सायकल मारली की दिवा लागतो.
ओलाफ मारत राहिला. लागेना.
पाटी होती: नादुरुस्त, क्षमस्व.
ती वाचून झाल्यावरही त्याने
आणखी पाच मिनिटं मारली.

मग भिंतीवर एक फुली, बाजूला ठिपका.
डावा डोळा झाका, फुलीकडे बघा,
हळूहळू पुढे या.
एका पावलावर ठिपका नाहीसा.
कुठे गेला?
तिथेच आहे, बाई म्हणाल्या,
प्रत्येकाच्या डोळ्यात असते एक जागा
जिथे काहीच दिसत नाही.
मेंदू ती भिंतीच्या रंगाने भरून टाकतो,
आपल्याला न विचारता.
लिलियाना म्हणाली, ही तर चक्क लबाडी.

डबे. उकडलेली अंडी, आंबवलेली काकडी,
कुणाचा तरी सांडलेला रस.
मग खाली, मत्स्यालयात,
जिथे अंधार निळा होता आणि मुलं एकदम कुजबुजू लागली.
शार्कपुढे ढकलाढकली.
जेलीफिशपुढे सगळ्यांची तोंडं उघडी.

बाहेर पडताना: सव्वीस.
पुन्हा: सव्वीस.
मी मराठीत मोजून पाहिली,
तरीही सव्वीस.

आणि सगळ्यात वाईट हे, की
कोण नाही ते कुणालाच सांगता येईना.
रांग कुठेतरी मधेच सरकून जोडली गेली होती,
भिंतीच्या रंगाची.
हाल्श्काबाईंच्या हातातली यादी थरथरत होती,
त्यांना स्वतःचंच अक्षर लागेना.
शेवटी ओलाफ म्हणाला, ग्न्येव्को.
तो असतोच ना नेहमी, म्हणून.

तो शेवटच्या दालनात,
जिथे कुणी थांबत नाही.
बाल्टिकची टाकी: पाणी, वाळू, संपलं.
फरशीवर मांडी घालून बसलेला.
बाई रागवायला म्हणून आल्या, ओरडल्या नाहीत.
काय बघतोस?
तिला.
कुणाला?

वाळूने डोळे उघडले.
दोन्ही एकाच बाजूला.

आमच्याकडे हिला लेपी म्हणतात.
मी तिला कढईत पाहिलं होतं,
तिच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं.

ज्जिस्वाव नावाचे म्हातारे रखवालदार
किल्ल्या वाजवत आले, म्हणाले,
जन्मते तेव्हा हिचे डोळे दोन बाजूंना दोन,
चारचौघींसारखे.
मग काही आठवड्यांत एक डोळा
डोक्यावरून चढून पलीकडे जातो,
आणि ही आडवी होते, ती कायमची.

दुखतं का, ग्न्येव्कोने विचारलं,
डोळा सरकताना?

ज्जिस्वाव विचारात पडले.
एकतीस वर्षं झाली मला इथे, म्हणाले,
हे कुणी विचारलं नव्हतं.
उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.
ते त्यांनी टोपी काढून कबूल केलं.

बाई फरशीवर बसल्या, त्याच्या शेजारी,
चांगल्या स्कर्टची पर्वा न करता.
एकेक करून बाकीची आली, बसली.
तीनची बस गेली.
वाळू एकदा हलली, बस्स,
झोपेत कुणी कूस बदलावी तशी.

साडेतीनच्या बसमध्ये बाईंनी पुन्हा मोजलं.
या वेळी सुरुवात ग्न्येव्कोपासून.
सत्तावीस.
खिडकीबाहेर जहाजांच्या क्रेन उभ्या होत्या
आणि ओलाफ मागे वळून बघत म्हणत होता,
तो दिवा आता लागला असेल.