बर्फासकट वजन

पाकीट फाडलं की आधी पेन घरंगळतं.
मग माझ्या नावापत्त्याच्या चिकटपट्ट्या, चोवीस,
आणि पत्राच्या माथ्यावर गोंदानं डकवलेली
एक पेनी. खरी. चलनातली.
खाली ती मुलगी.

'प्रिय विनिफ्रेड' असं लिहितात.
माझ्या नवऱ्यानं एकेचाळीस वर्षांत
हे नाव पुरतं उच्चारलं नाही कधी.
'विन' म्हणायचा. तेही दारातूनच.

मुलगी तीन वर्षांपूर्वीही सहाच वर्षांची होती.
डाव्या गालावरचा ओघळ
अजून हनुवटीपाशी पोचलेला नाही.

ग्रिम्सबीच्या गोदीत मी बत्तीस वर्षं कॉड मोजला.
पहाटे पाचला पेट्या यायच्या,
पेन्सिल कानामागं, बोटं बधिर.
पेटी तराजूवर चढली की दोन आकडे लिहायचे:
बर्फासकट,
आणि बर्फ काढून.
दुसरा विसरले असते
तर लिलावात माझ्या नावानं शिमगा झाला असता.

या पत्रात एकच आकडा असतो.

मी त्यांच्याच पेनानं त्यांच्याच पाकिटाच्या पाठीवर
हिशेब मांडला:
पेन, पट्ट्या, पेनी, गोंद, छपाई, टपाल,
मुलीला रंगीत छापायचा खर्च.
माझे दरमहा आठ पौंड त्याखाली लिहिले
आणि फोन लावला.

डेक्लन नावाचा पोरगा. आवाज गोड, समोर कागद.
वाचत होता, मी वाचू दिलं.
मग विचारलं, 'यात बर्फ किती?'
'काय म्हणालात, बाई?'
'बर्फ, बाळा. बर्फ.'

बराच वेळ नुसती खरखर.
मग खालच्या आवाजात म्हणाला,
'मी त्या संस्थेत नाही. स्वान्सीच्या एका शेडमध्ये बसतो,
कंपनी वेगळी आहे.
तुमच्या दारी पॅड घेऊन आला तोही आमचाच.
तुमचे पहिले अकरा महिने आमच्याकडे आले.'
'आणि बारावा?'
'बाराव्याला बहुतेक लोक सोडून देतात.'

'मी छत्तिसाव्यात आहे,' म्हटलं.
यावर त्याच्या कागदात काही नव्हतं.
त्याला तासाला किती मिळतात विचारलं.
त्यानं सांगितलं.
तोही आकडा पाकिटावर लिहिला. फार नव्हता.

बर्फाशिवाय मासा सडतो, हे मला कुणी शिकवू नये.
पेटी लागते, गाडी लागते, गाडीला डिझेल,
आणि थंडीत उभी राहून आकडे लिहिणारी बाई लागते.
माझा पगार काय आभाळातून पडायचा?
त्या कॉडमधूनच निघायचा,
हे मी बत्तीस वर्षांत एकदाही
पेन्सिलीनं मांडलं नव्हतं.

तरी पेटी उपडी केली
तर खाली मासा निघायला हवा.

या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात, ठीक.
पण तिसरा एक हात असतो ना,
पुढं केलेला.
त्याला तरी कळलं का?

पेनी कोमट पाण्यात सुटतात.
मोहरीच्या बरणीत छत्तीस झाल्यात.
दिलेल्यातलं जे माझ्या डोळ्यांना दिसलं
ते एवढंच, आणि तेही उलट्या दिशेनं आलेलं.

बँकेचा फॉर्म टेबलावर आहे, बंद करायचा.
सही केली नाही. का, ते विचारू नका.
रात्री चहा गार झाल्यावर
मी त्यांना पत्र लिहिलं, तीनच ओळी:

मुलगी आता नऊची असेल.
नवा फोटो पाठवा, रडका नको.
फोटो नसेल तर तिच्या बुटाचा नंबर कळवा.

पाठीमागं त्यांचीच चिकटपट्टी लावली.
तिकीट माझ्या पैशांचं.