पाय थांबेल होते

पुण्याच्या लीगमध्ये आम्ही तिघं असतो.
कानात तार, कमरेला डबी;
शिट्टी वाजली की घड्याळ आपोआप थांबतं.
खाली लाकूड. खेळाडू पडतो, घसरतो, हसत उठतो,
आणि सहावा फाऊल झाला तर बाकावर जाऊन पाणी पितो.
परवा पुन्हा मॅच आहे.
पगार चालूच आहे.

पहिल्याच दिवशी मोठ्या रेफरीनं मला बाजूला घेतलं:
"झोपे, हात लागला म्हणून फुंकू नका.
त्या हातानं काही बिघडलं का, तेवढं बघा."
तर मी शिट्टी गिळायला शिकलो.
बॉल गोळा करतानाचं पाऊल मोजायचं नाही,
स्टार खेळाडू तोंडावर येऊन बोलला तरी
चार सेकंद बहिरं राहायचं,
आणि शंका आली तर हवेत बोट फिरवून
पडद्यापाशी जायचं. एकच धडक
चार कोनांतून, पाहिजे तितक्या वेळा.

अमळनेरला आम्ही दोघंच.
मी, भुसावळच्या लोको शेडमधून दोन दिवसांची रजा काढून आलेला,
आणि नेहेते सर, एरवी भूगोल शिकवणारे.
कोर्ट सिमेंटचं. रिंगखालचा अर्धगोल फक्कीचा,
दुपारच्या वाऱ्यानं निम्मा उडालेला.
घड्याळ म्हणजे प्राचार्यांचा मोबाइल.

इथं कोपर लागलं की मी लगेच फुंकतो.
लीगवाले बघतील तर हसतील. हसू देत.
सिमेंटवर आपटलेला गुडघा
सोमवारी प्रॅक्टिकलला उभा राहायचा असतो.
आणि पोरं वाद घालत नाहीत,
"सर" म्हणतात,
त्यानं तर जास्तच भीती वाटते.

फायनल. एक मिनिट चाळीस सेकंद बाकी.
शहाद्याचा दिलवर वसावे रिंगखाली उभा राहिला,
हात छातीशी, डोळे अर्धे मिटलेले,
आणि जळगावचा तो धिप्पाड फिरके
आला तसा त्याच्यावर आदळला.
मी खाली रेघ शोधली. सवयीनं.
रेघ नव्हती.
हात कमरेवर गेले माझे: ब्लॉक. निळा, नऊ नंबर.
टेबलावरच्या मुलीनं वहीत पाचवी रेघ ओढली,
चार उभ्यांवर आडवी,
बाजारात गोण्या मोजतात तशी.

कॉलेजला पाचच.
दिलवरचं शेवटचं वर्ष होतं.
त्यानं बनियन नीट खोचलं, मला हात जोडले,
आणि बाहेर जाऊन बसला.
परवा वगैरे काही नव्हतं त्याला.
माझं बोट वर गेलं होतं, खरं सांगतो,
फिरवणार होतो,
पण फिरवून जाऊ कुठं?
कोर्टाबाहेर फक्त रसवंती होती.

चार वर्षांनी भाच्याची पपईची गाडी भरायला
शहाद्याला गेलो, तर वजनकाट्याच्या केबिनमध्ये तोच.
पोट सुटलेलं, कानावर पेन.
चहा मागवला, बिनसाखरेचा,
माझी शुगर त्याला कुणी सांगितली कोण जाणे.
गाडी काट्यावर चढेपर्यंत काही बोलला नाही.
मग पावतीबुकातून मान न उचलता म्हणाला,
"सर, पाय थांबेल होते माझे."

मी म्हणालो, रेघ पुसली होती रे.
"रेघेच्या बाहेरच होतो.
मी ते रोज पाहतो, सर."

समोर लाल आकडे हलत होते,
अकरा हजार चारशे, तीनशे ऐंशी, चारशे दहा.
ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, लिही ना भाऊ, उशीर होतोय.
दिलवरनं पेन वर धरलं होतं.
"गाडी पुरी थांबल्याशिवाय मी आकडा घेत नाही," म्हणाला,
त्याला की मला, कळलं नाही.

चहा गार झाला होता. तरी प्यायलो.